एचएमसीवरून पहिल्यांदा आयपीएल करायचाय: कमांड नेमकी कुठे द्यायची आणि पुढे काय बघायचं?

रात्रपाळी_हिंजवडी

नमस्कार मंडळी. मी हिंजवडीत मेनफ्रेम ऑपरेशन्सला आहे. आजवरचं काम म्हणजे कन्सोलवरचे मेसेज बघणं, बॅच जॉब पडला की संबंधितांना फोन लावणं, आणि रात्रीचं शेड्यूल वेळेत संपतंय ना याकडे लक्ष ठेवणं. येत्या रविवारी पहाटेच्या विंडोमध्ये टेस्ट एलपारचा (मशीनच्या एका स्वतंत्र हिश्शाचा) आयपीएल, म्हणजे तिथली सिस्टीम मुळापासून सुरू करायचं काम, मी करायचं असं ठरलंय. सीनियर फोनवर असतील, पण एचएमसीसमोर (मशीन हाताळायच्या कन्सोलसमोर) मी एकटाच.

रनबुकात असं लिहिलंय: लोड ॲड्रेस ०ए८०, लोड पॅरामीटर ०ए८२०१एम१, 'लोड' निवडा, कन्फर्म करा. त्याखाली सिस्टीम पॅरामीटर विचारणाऱ्या मेसेजबद्दल आणखी एक ओळ आहे: आयईए१०१ए आला की 'आर ००,सिसपी=०१' असं उत्तर द्या.

झेड/व्हीएमच्या (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सिस्टीमच्या) टीममधला माझा मित्र गेस्ट, म्हणजे त्यातली एखादी व्हर्च्युअल मशीन, सुरू करताना सरळ 'आयपीएल ०ए८०' टाइप करतो. आमच्या झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टीमच्या एलपारला अशी कमांड का नाही? त्या आठ अक्षरांत नेमकं काय भरलंय? आणि कन्फर्म केल्यापासून पहिला मेसेज येईपर्यंत कन्सोल कोराच असतो म्हणतात. तेव्हा आत काम चाललंय की गाडी अडकलीय हे कसं ओळखायचं?

रनबुक पाठ झालंय. पण आत काय होतं ते कळल्याशिवाय कन्फर्मवर क्लिक करायला मन धजत नाही.

---

कन्सोल_ठाणे

तुझी शेवटची ओळ वाचली आणि लगेच लिहायला बसले. मी सिस्टीम प्रोग्रामर म्हणून निवृत्त झाले. हा प्रश्न विचारणारा ऑपरेटर मला नेहमीच हवासा वाटायचा. रनबुक पाठ असलेला माणूस रनबुक चालतंय तोवर उपयोगी पडतो. ते थांबलं की नेमकं कुठे थांबलं हे सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी आत कोण कोणाला कामाला लावतं ते माहीत हवं.

आधी कमांडचं. कमांड द्यायची तर ती ऐकणारं कोणीतरी जागं असावं लागतं. झेड/व्हीएममध्ये तुझ्या मित्राच्या गेस्टखाली सीपी, म्हणजे झेड/व्हीएमचा कंट्रोल प्रोग्राम, आधीपासून चालू असतो. 'आयपीएल' ही सीपीची कमांड आहे, त्यामुळे तो ती ऐकतो आणि गेस्टची व्हर्च्युअल मशीन सुरू करून देतो. तुझ्या एलपारमध्ये त्या क्षणी काहीच चालू नसतं. ऐकणारं फक्त मशीनचं स्वतःचं फर्मवेअर. त्याच्याशी बोलायचा रस्ता म्हणजे एचएमसी, आणि तिथलं 'लोड' हीच तुझी कमांड. नीट चाललेली सिस्टीम या टास्कने क्षणात आडवी होते, म्हणून एचएमसी त्याला डिसरप्टिव्ह समजतं आणि पुन्हा विचारतं. त्या खिडकीत एलपारचं नाव लिहिलेलं असतं. ते मोठ्याने वाच, फोनवरच्या सीनियरला ऐकू जाईल असं. टेस्टऐवजी शेजारचा प्रॉडक्शन एलपार निवडला गेला तर त्यापुढे मी लिहितेय त्यातलं काहीच कामाचं राहत नाही.

लोड म्हटल्यावर काय होतं? ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने सिस्टीम/३६० जाहीर केली. तिच्या पॅनलवर फिरवायच्या तीन चकत्या होत्या आणि एक लोड बटण. चकत्यांवर डिव्हाइसचा पत्ता लावायचा आणि बटण दाबायचं. मशीन त्या डिव्हाइसवरून २४ बाइट वाचून मेमरीच्या शून्य पत्त्यावर ठेवायचं. त्यातले पहिले ८ बाइट म्हणजे पीएसडब्ल्यू (प्रोसेसरने कुठून आणि कुठल्या स्थितीत सुरुवात करायची ते), उरलेले १६ म्हणजे दोन सीसीडब्ल्यू, चॅनेलने (डिव्हाइसशी देवाणघेवाण करणाऱ्या भागाने) पुढे काय वाचायचं त्याच्या सूचना. चॅनेल त्या सूचनांप्रमाणे पुढचा भाग आणतो. वाचन पूर्ण झालं की तो पीएसडब्ल्यू लागू होतो आणि प्रोसेसर पहिली इन्स्ट्रक्शन चालवतो. तुझ्या ०ए८० या डिस्कवर रविवारी हेच होणार आहे, सिलिंडर शून्य, ट्रॅक शून्य, पहिला रेकॉर्ड, २४ बाइट. चकत्यांच्या जागी एचएमसीवरची चौकट आली, एवढाच फरक. इतक्या वर्षांत मशीनमधलं जवळजवळ सगळं बदललं आणि हे २४ बाइट तसेच राहिले, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ते २४ बाइट आणि त्यामागचा आयपीएल टेक्स्ट (सिस्टीम उठवणारा छोटा प्रोग्राम) सिसरेस व्हॉल्यूमवर, म्हणजे सिस्टीमच्या डिस्कवर, आयसीकेडीएसएफ हा डिस्क तयार करणारा प्रोग्राम लिहितो. डिस्क नुसती इनिट केली आणि आयपीएल टेक्स्ट लिहिलाच नाही, तर तिच्यावरून लोड केल्यावर मशीन वेट स्टेट ००एफ मध्ये जाऊन बसतं, म्हणजे तो कोड दाखवून थांबतं. हा कोड दिसला तर पार्मलिब (सिस्टीमच्या सेटिंगचा डेटासेट) उघडून बघू नकोस, गाडी तिथवर पोचलेलीच नाही. लोड ॲड्रेस चुकलाय का ते बघ.

आता आठ अक्षरं. पहिली चार, ०ए८२, म्हणजे आयओडीएफ (जोडलेल्या डिव्हाइसच्या रचनेची फाइल) ज्या डिस्कवर आहे तिचा डिव्हाइस नंबर. पुढची दोन, ०१, म्हणजे लोडएक्सएक्स या मेंबरचा (डेटासेटमधल्या एका छोट्या फायलीचा) प्रत्यय, तुझ्याकडे लोड०१. सातवं अक्षर एम, मेसेज किती दाखवायचे आणि ऑपरेटरला काय विचारायचं ते ठरवणारं. आठवं १ म्हणजे न्यूक्लियस (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा), आयईएएनयूसी०१.

सातव्या अक्षरापाशी तुझ्या रनबुकात विसंगती आहे. एम म्हणजे माहितीचे मेसेज दाखव, पण मास्टर कॅटलॉग (कुठला डेटासेट कुठे आहे त्याची मुख्य यादी) विचारू नकोस आणि सिस्टीम पॅरामीटरही विचारू नकोस. म्हणजे सगळं सुरळीत असेल तर आयईए१०१ए येणारच नाही. तो हवा असेल तर तिथे टी लागतं, आणि ए लावलं तर कॅटलॉगसुद्धा विचारतो. नुसतं टिंब दिलं तर मेसेजही कमी आणि प्रश्नही नाहीत. रनबुकातली ती ओळ बहुतेक जुन्या लोड पॅरामीटरच्या काळातली असावी. रविवारच्या आत सीनियरला विचारून घे: एम ठेवायचं की टी? एम असतानाही पॅरामीटर मागणारा प्रश्न आलाच, तर पार्मलिबमध्ये काहीतरी खटकलंय असं समज. पाठ केलेलं उत्तर टाइप करण्याआधी वरचे मेसेज वाच.

लोड०१ कुठे शोधला जातो हेही लक्षात ठेव. आयओडीएफच्या डिस्कवर सिस०.आयपीएलपार्म पासून सिस९.आयपीएलपार्म पर्यंत क्रमाने, मग त्याच डिस्कवर सिस१.पार्मलिब, मग सिसरेसवरचा सिस१.पार्मलिब. यातला जो डेटासेट आधी सापडतो त्यातच मेंबर असावा लागतो. डेटासेट सापडला आणि आत लोड०१ नसला तर सिस्टीम पुढच्या डेटासेटकडे वळत नाही, वेट स्टेटमध्ये जाते. कोणी 'तात्पुरता' म्हणून त्या डिस्कवर सिस०.आयपीएलपार्म बनवून ठेवला असेल तर तुझा सिस१ मधला लोड०१ कितीही बिनचूक असो, तो वाचला जाणार नाही. शिवाय लोडएक्सएक्समध्ये स्तंभांना महत्त्व आहे: कीवर्ड पहिल्या स्तंभापासून, त्याची किंमत दहाव्यापासून. एक स्पेस इकडेतिकडे झाली तरी ओळ चुकीची ठरते.

सगळ्यात जास्त वेळ मी आयओडीएफवर देते. चालू सिस्टीममध्ये 'ॲक्टिव्हेट' करून नवीन आयओडीएफ लागू करता येतो, आयपीएलची गरज नसते. समजा हार्डवेअरवाल्यांनी आयओडीएफचा आकडा ४४ वरून ४५ वर नेला, नव्या डिस्क जोडल्या, सगळं छान चाललंय. पण लोड०१ मध्ये ४४ च राहिला. पुढच्या आयपीएलला सिस्टीम मुकाट ४४ उचलते आणि नव्या डिस्क तिच्या लेखी अस्तित्वातच नसतात. ॲक्टिव्हेट आणि आयपीएल यांत कितीही महिने गेलेले असू शकतात, त्यामुळे तेव्हाचं कोणाला आठवतही नाही. म्हणून सिस्टीम खाली घेण्याआधी दोन कमांड दे आणि त्यांचं उत्तर जपून ठेव. 'डी आयपीएलइन्फो' सांगते की मागचा आयपीएल कधी झाला, कुठल्या डिस्कवरून, कुठला लोडएक्सएक्स, कुठले आयईएसिस (सिस्टीम पॅरामीटरचे मेंबर) वापरले. 'डी आयओएस,कॉन्फिग' सांगते आत्ता कुठला आयओडीएफ लागू आहे. तो लोड०१ मधल्या आकड्याशी ताडून बघ. जुळला नाही तर विंडो सुरू व्हायच्या आधी बोल.

कोऱ्या कन्सोलबद्दल थोड्या वेळाने लिहिते, तो मोठा विषय आहे.

---

नाशिक_३८जे

ताईंनी पाया घातलाच आहे, मी फक्त सरावाचं सांगतो. रविवारच्या आधी स्वतःच्या लॅपटॉपवर आयपीएल करून बघता येईल.

हर्क्युलिस नावाचा मेनफ्रेमचा एम्युलेटर आहे, रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला. झेड/ओएसचं लायसन्स आयबीएम त्यावर देत नाही, त्या फंदात पडू नका. पण झेड/ओएसची जुनी पूर्वज एमव्हीएस ३.८जे मोकळी उपलब्ध आहे आणि टीके४- या तयार संचात ती लावूनच मिळते. त्यात सिसरेस १४८ वर असतं. हर्क्युलिसच्या प्रॉम्प्टला 'आयपीएल १४८' टाइप करायचं. म्हणजे तुम्हाला हवी होती ती कमांड इथे खरोखर आहे, कारण ऐकणारा हर्क्युलिस आधीच जागा असतो, ताईंनी सीपीबद्दल सांगितलं तसंच.

संचातली स्वयंचलित स्क्रिप्ट बंद करून हाताने करा. आयईए१०१ए डोळ्यांसमोर येईल आणि उत्तरासाठी थांबेल. हर्क्युलिसच्या कन्सोलवरून एमव्हीएसला काही सांगायचं तर आधी तिरकी रेघ लागते: '/आर ०,सीएलपीए'. दाबून बघा आणि पुढचे मेसेज सावकाश वाचा.

एक फरक ध्यानात ठेवा. ३.८ मध्ये लोडएक्सएक्स आणि आयओडीएफ नाहीत. डिव्हाइसची सगळी रचना सिसजेनच्या, म्हणजे सिस्टीम घडवण्याच्या, वेळी न्यूक्लियसमध्येच भरली जायची. त्यामुळे तुमच्या आठ अक्षरांपैकी पहिल्या सहाचा सराव इथे होणार नाही. पण निप (सिस्टीमची सुरुवातीची जुळवाजुळव करणारा प्रोग्राम) काय करतो, मास्टर शेड्यूलर कधी येतो, जेस२ (जॉबच्या रांगा सांभाळणारा) कधी उठतो हा क्रम मात्र ओळखीचा होईल.

---

रात्रपाळी_हिंजवडी

ताई, खूप आभार. एम आणि आयईए१०१ए बद्दल सीनियरना विचारलं. ते म्हणाले एम ठेवायचं, आणि रनबुकातली ती ओळ आजच काढली. 'डी आयओएस,कॉन्फिग' आणि लोड०१ ताडून पाहिले, दोन्हीकडे आकडा एकच आहे.

नाशिककर, टीके४- उतरवून घेतलंय. काल रात्री आयपीएल केला. आयईए१०१ए समोर थांबलेला बघून फार बरं वाटलं.

आता कोरा कन्सोल. आणि कोड दिसलाच तर तो कुठे वाचायचा?

---

कन्सोल_ठाणे

हो, सांगते.

आयपीएल टेक्स्ट मेमरीत आला की तो आयपीएलचे छोटे मॉड्यूल एकामागून एक चालवतो. लोडएक्सएक्स वाचणं, त्यातून आयओडीएफ ठरवणं, न्यूक्लियस आणणं ही कामं या टप्प्यात होतात. कन्सोल म्हणून कुठला डिव्हाइस वापरायचा हेच अजून ठरलेलं नसतं, म्हणून पडदा कोरा. मग निप सुरू होतो, न्यूक्लियस इनिशियलायझेशन प्रोग्राम. तो एचसीडीमध्ये (हार्डवेअरची रचना नोंदवायच्या साधनात) निप कन्सोल म्हणून नोंदवलेल्या पत्त्यांतला जो मिळेल तो घेतो. एकही मिळाला नाही तर एचएमसीवरच्या 'ऑपरेटिंग सिस्टीम मेसेजेस' खिडकीत बोलायला लागतो. म्हणून लोड देण्याआधी ती खिडकी उघडून ठेव. नेहमीचा कन्सोल कोरा आणि तिकडे मात्र प्रश्न विचारून सिस्टीम ताटकळत उभी, असं होऊ शकतं.

निप बोलायला लागला की आधी साधारण असं दिसेल: आयईए३७१आय, कुठल्या डिस्कवरचा आयपीएलपार्म घेतला. आयईए२४६आय, लोड आयडी ०१ निवडला. आयईए५१९आय, आयओडीएफचं नाव. या तीन ओळी म्हणजे तुझ्या आठ अक्षरांची पोचपावती. त्या वाचल्याशिवाय पुढे नजर नेऊ नकोस. त्याच सुमारास आयईए०९३आय येऊ शकतो, न्यूक्लियसमध्ये 'अनरिझॉल्व्ह्ड वीक एक्स्टर्नल रेफरन्स' आहे म्हणून. नवीन माणूस तो बघून घाबरतो. तो निरुपद्रवी आहे, पुढे चाल.

निपनंतर मास्टर शेड्यूलर येतो. आयईई३८९आय, 'एमव्हीएस कमांड प्रोसेसिंग अव्हेलेबल', दिसला म्हणजे आता सिस्टीम तुझ्या कमांडी ऐकायला तयार झाली. मग जेस२, व्हीटॅम (नेटवर्क), टीएसओ (वापरणाऱ्यांचं लॉगऑन) आणि बाकीची मंडळी. कॉमएनडीएक्सएक्स मेंबरमध्ये जे लिहिलंय ते आपोआप सुरू होतं.

आता अडकणं. एचएमसीवर एलपारचा रंग बदलतो आणि हार्डवेअर मेसेजमध्ये 'डिसेबल्ड वेट' म्हणून पीएसडब्ल्यू दिसतो. त्याचे शेवटचे तीन अंक म्हणजे वेट स्टेट कोड. पण फक्त तेवढेच लिहून घेऊ नकोस, अख्खा पीएसडब्ल्यू लिही, रीझन कोड त्यातच असतो. ००एफ वर सांगितला. ०बी१ म्हणजे लोडएक्सएक्स किंवा आयओडीएफच्या आसपास गडबड: पहिली सहा अक्षरं पुन्हा वाच. ०६४ म्हणजे निप चालू असताना काहीतरी कोसळलं. इथवर पोचलास तर लोड ॲड्रेस आणि लोड पॅरामीटर बरोबर होते, सिस्टीम प्रोग्रामरला उठवायची वेळ झाली. कोडवरून गाडी कुठल्या टप्प्यात थांबली ते कळतं, आणि टप्पा कळला की फोन कोणाला लावायचा तेही कळतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. सिस्टीम अडकली आणि वरून 'स्टँड-अलोन डम्प घे', म्हणजे मेमरीची प्रत काढून ठेव, असा निरोप आला, तर तोही एक आयपीएलच असतो, फक्त डम्प प्रोग्राम असलेल्या डिस्कवरून. त्या वेळी लोडचा प्रकार 'नॉर्मल' हवा, 'स्टोअर स्टेटस' सह. 'क्लिअर' निवडलंस तर मेमरी पुसली जाते आणि ज्यासाठी डम्प घ्यायचा तो पुरावाच जातो. रोजच्या आयपीएलला क्लिअर चालतं, त्यामुळे हाताला तीच सवय लागते. डम्पच्या रनबुकात ही ओळ ठळक अक्षरांत आहे का ते बघ, नसेल तर घालायला लाव.

आणखी एक खुलासा, पुढेमागे गोंधळ नको म्हणून. आयईएसिसमध्ये सीएलपीए असेल तर त्याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. लिंक पॅक एरिया (सामायिक प्रोग्रामची मेमरीतली जागा) नव्याने बांधला जातो, रांगेतल्या जॉबना धक्का नाही, बहुतेक ठिकाणी हे प्रत्येक आयपीएलला होतं. जेस२ चा कोल्ड स्टार्ट मात्र स्पूल रिकामा करतो, रांगेतले जॉब आणि आउटपुट सगळं जातं. जेस२ ने पर्याय विचारले तर 'वॉर्म,नोरेक' हेच उत्तर. फोनवर कोणी नुसतं 'कोल्ड दे' म्हणालं तर कशाचा कोल्ड ते विचारल्याशिवाय एकही अक्षर टाइप करायचं नाही.

---

शार्लटकर

इथे एका बँकेच्या सिसप्लेक्सवर (एकत्र काम करणाऱ्या झेड/ओएस सिस्टीमच्या गटावर) काम करतो. ताईंनी वर येण्याचं सांगितलं, मी खाली घेण्याबद्दल दोन गोष्टी जोडतो. आयपीएल बिघडायचं कारण पुष्कळदा आधीच्या शटडाउनमध्ये असतं.

सिक्स (सीआयसीएस, व्यवहार चालवणारं), डीबी२ (डेटाबेस) वगैरे आधी नीट बंद. मग टीएसओ, व्हीटॅम, '$पी जेस२'. नंतर 'झेड ईओडी', म्हणजे एसएमएफ (कामाच्या नोंदी) आणि लॉगरेकचा (बिघाडांच्या नोंदींचा) बफरमधला माल डिस्कवर उतरतो. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग आदल्या तासाच्या नोंदी शोधत बसावं लागतं. शेवटी 'व्ही एक्ससीएफ,सिस्टीमचं नाव,ऑफलाइन'. कन्फर्म केलं की ती सिस्टीम ०ए२ वेट स्टेटमध्ये जाते. इथे ०ए२ अपेक्षितच आहे, घाबरायचं नाही.

तुमचा टेस्ट एलपार दुसऱ्या सिस्टीमबरोबर प्लेक्समध्ये असेल तर तिच्या कन्सोलवर आयएक्ससी१०२ए येऊ शकतो: अमुक सिस्टीम बंद होण्याची वाट बघतोय, सिस्टीम रीसेट झाल्यावर 'डाउन' उत्तर द्या. आधी एचएमसीवरून त्या एलपारला सिस्टीम रीसेट, मगच 'डाउन'. उलटा क्रम कधीही नाही. 'डाउन' म्हटलं की उरलेल्या सिस्टीम गेलेल्याचे लॉक सोडवून त्याच्या डेटावर काम सुरू करतात. तो खरंच थांबलेला नसेल आणि त्याचं एखादं आयओ अजून चालू असेल, तर शेअर्ड डिस्कवरचा डेटा बिघडतो आणि ते लगेच लक्षातही येत नाही. माझ्या मते आयपीएलच्या संपूर्ण कामात सगळ्यात गंभीर उत्तर हेच आहे.

तुमच्या मूळ प्रश्नाशी जवळची एक कमांडही सांगतो. डायगएक्सएक्स मेंबरमध्ये ऑटोआयपीएल लावलेलं असेल तर 'व्ही एक्ससीएफ,नाव,ऑफलाइन,रीआयपीएल' दिलं की सिस्टीम खाली जाते आणि स्वतःच पुन्हा लोड होते, एचएमसीला हात न लावता. झेड/व्हीएममध्ये 'शटडाउन रीआयपीएल' आहे तसंच. पहिल्या खेपेला मात्र एचएमसीवरूनच करा. पायऱ्या डोळ्यांसमोरून गेलेल्या बऱ्या.

---

रात्रपाळी_हिंजवडी

मंडळी, रविवारचा आयपीएल झाला. शटडाउन शार्लटकरांच्या क्रमाने केलं. हा एलपार एकटाच आहे, त्यामुळे आयएक्ससी१०२ए चा प्रश्न आला नाही. एलपारचं नाव मोठ्याने वाचलं, सीनियरनी पलीकडून तेच नाव परत म्हटलं, मग कन्फर्म. कन्सोल कोरा होता तेव्हा दुसरी खिडकी उघडी होती आणि ताईंच्या त्या तीन ओळी येताना दिसल्या. आयईए०९३आय पण आला. तो ओळखीचा वाटला.

अडलं ते शेवटी. आयईई३८९आय आला, जेस२ वॉर्म उठला, पण व्हीटॅम आपोआप सुरू झालं नाही, त्यामुळे टीएसओही नाही. 'एस व्हीटॅम' आणि मग 'एस टीएसओ' हाताने दिलं, लॉगऑन व्हायला लागलं, विंडो वेळेत संपली. 'डी आयपीएलइन्फो' मध्ये सगळं अपेक्षेप्रमाणे: लोड०१, आयईएसिस ०१, डिस्क ०ए८०. व्हीटॅमची ओळ कॉमएनडी०१ मध्ये आहे, मी डोळ्यांनी पाहिली. आयईएसिस०१ मध्ये 'सीएमडी=०१' पण आहे. मग ती वाचली का गेली नाही? सिस्टीम प्रोग्रामर सोमवारी बघतो म्हणाले, पण मला चैन पडेना.

---

कन्सोल_ठाणे

शाब्बास. नाव मोठ्याने वाचलंस हे वाचून समाधान वाटलं.

गेल्या आयपीएलनंतर आयईएसिस०१ मध्ये कोणी नवीन ओळ घातलीय का? 'सीएमडी=०१' च्या वर कुठेतरी? या मेंबरमध्ये शेवटची सोडून प्रत्येक ओळ स्वल्पविरामाने संपावी लागते. एखाद्या ओळीचा स्वल्पविराम राहिला की सिस्टीमला वाटतं मेंबर इथेच संपला. त्याखालच्या ओळी ती वाचत नाही आणि कसलीही तक्रारही करत नाही. पॅरामीटर मागणारा प्रश्न येत नाही, वेट स्टेट येत नाही, 'डी आयपीएलइन्फो' मध्येही आयईएसिस ०१ असंच दिसतं, कारण मेंबर वापरला गेलाय, फक्त अर्धा. मग सीएमडीची किंमत आयईएसिस०० मधून किंवा डीफॉल्टवरून येते, म्हणजे कॉमएनडी०० चालतो आणि तुझा ०१ तसाच पडून राहतो.

---

रात्रपाळी_हिंजवडी

ताई, सापडलं. शुक्रवारी एक ओळ घातली गेली होती, 'सीएमडी' च्या बरोबर वर, आणि तिच्या शेवटी स्वल्पविराम नाही. तिच्याखाली 'सीएमडी' सोडून आणखी चार पॅरामीटर आहेत.

---

कन्सोल_ठाणे

मग ते चारही आत्ता आयईएसिस०० च्या किंवा डीफॉल्टच्या किमतीवर चालू आहेत. व्हीटॅम हाताने उठवलंस, हे मात्र तसेच आहेत. सिस्टीम प्रोग्रामरला सोमवारची वाट न बघता कळव, त्यातले कुठले 'सेट' कमांडने चालू सिस्टीमवर बदलता येतील आणि कुठल्यासाठी पुन्हा आयपीएल लागेल हे त्यांनाच ठरवू दे. स्वल्पविराम घातल्यावर लोड०१ मधल्या सिसपार्मच्या ओळीत ०१ च्या जागी कंसात '०१,एल' लिहायला सांग, स्तंभ सांभाळून. मग पुढच्या आयपीएलला वाचलेले पॅरामीटर कन्सोलवर छापले जातील. त्या यादीत 'सीएमडी=०१' दिसतंय का ते जेस२ उठायच्या आधीच बघून घे.